पट्ट्याचा खटका बनवणारा माणूस : निल्स बोहलिन

वर्धा : लग्नसराईत आर्वीहून नागपूरला निघालेली गाडी असो की हिंगणघाटहून दवाखान्यासाठी सेवाग्रामला चाललेली, चित्र जवळपास सारखंच असतं. गाडी सुरू झाली की डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो आणि पीं-पीं सुरू होते. ड्रायव्हर वैतागतो. पट्टा ओढतो, पाठीमागून घेतो आणि सीटच्या मागूनच बक्कलात अडकवतो. खट् आवाज येतो, पीं-पीं बंद होते, सगळ्यांना हायसं वाटतं. गाडीला वाटतं पट्टा लागला. माणूस मात्र मोकळाच बसलेला असतो.

कधीकधी याच्या उलट होतं. पट्टा नीट लावला तरी पीं-पीं थांबत नाही. मग कोणीतरी सांगतं, वायर तोडून टाका ना भाऊ, कटकटच नको. वायर तुटते, आवाज थांबतो आणि तो विषय तिथंच संपतो.

या खटक्यामागे एका माणसाचं अख्खं आयुष्य आहे. निल्स बोहलिन हे त्याचं नाव. स्वीडन देशातला हा इंजिनिअर आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक कारमध्ये आहे, पण त्याचं नाव आपल्याकडे फारसं कोणाला माहीत नाही. १७ जुलै ही त्यांची जयंती.

बोहलिन यांचा जन्म १७ जुलै १९२० चा. त्याच वर्षीच्या डिसेंबरात इकडे नागपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं आणि वर्ध्याचे जमनालाल बजाज स्वागताध्यक्ष होते, एवढा तो जुना काळ. हेर्नेसांड हे स्वीडनच्या पूर्व किनाऱ्यावरचं बंदराचं गाव. हिवाळ्यात तिथं दिवस इतका लहान की दुपारीच अंधार पडायला लागतो. तिथंच शिकून बोहलिन यांनी १९३९ मध्ये मेकॅनिकल इंजिनिअरिंगचा डिप्लोमा घेतला. मोठी पदवी नाही, डिप्लोमाच.

त्याच वर्षी दुसरं महायुद्ध पेटलं. स्वीडन लढाईत उतरला नाही, पण आजूबाजूला आग लागलेली असताना हात बांधून बसणंही परवडणारं नव्हतं. त्यांनी स्वतःची लढाऊ विमानं बनवायला घेतली. १९४२ मध्ये बोहलिन साब या विमान कंपनीत लागले. आपल्या आष्टीत ऑगस्ट क्रांतीचा भडका उडाला ते हेच साल.

साबमध्ये त्यांच्याकडे जे काम आलं ते विचित्र होतं. विमानाला आग लागली किंवा ते कोसळायला लागलं तर पायलटला बाहेर कसं काढायचं? विमानाचा वेग इतका की दार उघडून उडी मारणं शक्यच नाही. वाऱ्याच्या माऱ्यानं माणूस मागच्या शेपटीवर आपटतो. म्हणून सीटखाली स्फोटक भरायचं, खटका ओढला की सीटसकट पायलट वर फेकला जाणार आणि पुढे पॅराशूट उघडणार. यालाच इजेक्शन सीट म्हणतात.

ऐकायला सोपं आहे. पण माणसाला तोफेच्या गोळ्यासारखं उडवायचं आणि वर जिवंतही ठेवायचं, म्हणजे पट्ट्यांचा हिशेब पक्का हवा. पट्टा ढिला राहिला तर पाठीचा कणा जातो, चुकीच्या जागी आवळला तर आतले अवयव फाटतात. बोहलिन यांनी अनेक वर्षं हेच पाहिलं. कमरेचं हाड, छातीचा पिंजरा, खांदा या जागा मजबूत आहेत, त्यांच्यावर जोर वाटून दिला तर माणूस भयंकर धक्का सोसू शकतो. पोट मात्र मऊ आहे, तिथं जोर पडला की खेळ खलास. १९५५ पासून इजेक्शन सीटच्या कामाची मुख्य जबाबदारी त्यांच्यावर होती.

१९५८ मध्ये गोथेनबर्गच्या व्हॉल्वो कंपनीचे प्रमुख गुन्नार एंगेलाऊ यांनी त्यांना बोलावून घेतलं. काम होतं सुरक्षा इंजिनिअरचं. तोवर कार कंपनीत असं पद कशाला लागतं, हाच प्रश्न होता. गाडी पळाली पाहिजे, दिसली पाहिजे, विकली पाहिजे. आत बसलेल्याचं काय, हे त्याच्या नशिबावर.

तेव्हा काही गाड्यांत पट्टे होते, नव्हते असं नाही. पण ते नुसते कमरेचे. दोन बाजूंनी दोन पट्टे यायचे आणि बक्कल बरोबर पोटावर बसायचं. धडक बसली की कमर जागेवर राहायची, पण वरचं अंग पुढे जाऊन डोकं स्टिअरिंगवर आपटायचं आणि ते लोखंडी बक्कल पोटात रुतायचं. वाचवणारी वस्तूच मारायची. विमानातले चार पट्ट्यांचे बंद कारमध्ये लावून पाहायचे तर ते घालायला दोन्ही हात आणि दोन मिनिटं लागणार. गाडीत बसणारा रोजचा माणूस ते एकदा घालेल, दुसऱ्यांदा नाही.

बोहलिन यांची खरी हुशारी इथंच दिसते. पायलट जिवासाठी काहीही अंगावर बांधून घ्यायला तयार असतो. घरून बाजारात निघालेला माणूस एक मिनिटसुद्धा अडचण सोसत नाही. हे त्यांनी ओळखलं आणि त्याला नावं ठेवली नाहीत. माणसाला बदलत बसण्यापेक्षा पट्टाच असा करायचा की एका हातानं, न बघता, एका खटक्यात लागला पाहिजे.

साधारण वर्षभरात त्यांनी तो केला. एक सलग पट्टा. तो खांद्यावरून छातीवर तिरपा येतो, कमरेजवळच्या बक्कलात अडकतो आणि तिथूनच मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडावरून दुसऱ्या बाजूला जातो. तीन ठिकाणी पक्का. बक्कल पोटावरून काढून त्यांनी सीटच्या बाजूला, खाली आणलं. पट्ट्याचा आकार इंग्रजी व्ही अक्षरासारखा झाला आणि त्याचं टोक खाली, जमिनीकडे. धडकेत पट्टा सरकत नाही आणि जोर हाडांवर वाटला जातो. आज आपण जो पट्टा लावतो तो हाच. पुढे त्यात आपोआप गुंडाळणारी चक्री आली, धडक बसताच झटक्यात आवळणारी यंत्रणा आली, पण मूळ आखणी तीच आहे.

हा पट्टा नेमकं करतो काय, ते आपल्या विहिरीच्या हिशेबात पाहू. ताशी ६० किलोमीटरनं जाणारी गाडी झाडावर आदळली तर गाडी थांबते, आतला माणूस थांबत नाही. तो ६० च्याच वेगानं पुढे जातो. हा धक्का म्हणजे साधारण ४५ फूट खोल कोरड्या विहिरीत पडल्यासारखा. विहिरीच्या काठावर हात टेकवून पडणं रोखता येईल का? नाही ना. मग स्टिअरिंगला धरून किंवा पुढच्या सीटला हात लावून ते कसं जमेल? मांडीवरच्या लेकराला हातांनी धरून ठेवणं तर अशक्यच.

१३ ऑगस्ट १९५९ रोजी हा पट्टा बसवलेली पहिली गाडी स्वीडनमधल्या क्रिस्टियानस्टाड गावच्या डीलरकडे पोहोचली. अमेरिकेतलं पेटंट १९६२ च्या जुलैत मिळालं. त्यावर कंपनीला प्रत्येक गाडीमागे पैसे घेता आले असते. पण व्हॉल्वोनं ते पेटंट सगळ्यांना खुलं करून दिलं. कोणत्याही कंपनीनं हा पट्टा आपल्या गाडीत लावावा, पैसे नकोत. बियाण्यापासून औषधापर्यंत प्रत्येक गोष्टीवर हक्क सांगितला जातो त्या जगात हे घडलं, म्हणून मुद्दाम सांगायचं.

फुकट दिला तरी लोकांनी तो लगेच घेतला असं मात्र नाही. गुदमरल्यासारखं होतं, कपडे चुरगळतात, आग लागली तर अडकून पडू, अशा तक्रारी तिकडेही होत्या. आपल्याकडच्या पारावर ऐकू येतात त्याच. बोहलिन भांडत बसले नाहीत, त्यांनी आकडे गोळा केले. स्वीडनमध्ये एका वर्षात व्हॉल्वो गाड्यांचे जे अपघात झाले त्यातले २८ हजारांहून जास्त तपासले आणि १९६७ मध्ये ते अमेरिकेत मांडले. पट्टा लावलेल्यांपैकी ताशी सुमारे ९६ किलोमीटरच्या खालच्या धडकेत एकही जण मेला नव्हता. पट्टा न लावलेले लोक मात्र ताशी २० किलोमीटरच्या आसपासच्या धडकेतही गेले होते. २० म्हणजे किती? गावातल्या रस्त्यानं गाडी चालते तितका. जवळच तर जायचं आहे, पट्टा कशाला, असं म्हणणाऱ्यांचं तोंड या एका आकड्यानं बंद व्हावं.

१९६९ मध्ये ते व्हॉल्वोच्या संशोधन विभागाचे प्रमुख झाले. १९७० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं पट्टा लावणं सक्तीचं केलं, १९७५ मध्ये स्वीडननं पुढच्या सीटसाठी केलं, १९८३ मध्ये ब्रिटननं. एकेक देश येत गेला.

बक्कलातला बारका पहारेकरी

आता येतो तो पीं-पीं करणारा भाग. पट्टा बोहलिन यांचा, पण तो लागला की नाही हे गाडीला कळावं ही भानगड नंतरची. त्याची सुरुवात अमेरिकेत मोठी गमतीदार झाली.

१९७४ च्या मॉडेलच्या गाड्यांना तिथल्या सरकारनं नियम लावला. पुढच्यांनी पट्टा लावल्याशिवाय गाडी स्टार्टच होणार नाही. सीटखाली वजन ओळखणारा खटका आणि बक्कलात दुसरा खटका. झालं काय, लोकांनी बाजूच्या सीटवर किराण्याची पिशवी ठेवली की गाडी चालू होईना. पिशवीला पट्टा बांधायची वेळ आली. लोक इतके संतापले की काहींनी पट्टा कायमचा बक्कलात अडकवून त्याच्यावरच बसायला सुरुवात केली. त्याच वर्षी ऑक्टोबरात अमेरिकेच्या संसदेनं तो नियम कायद्यानं रद्द केला आणि आवाज आठ सेकंदांवर आणला. पट्ट्यावर बसायची युक्ती आपल्या पोट्ट्यांनी काढली असं कोणाला वाटत असेल, तर ती पन्नास वर्षं जुनी आहे.

भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या कारमध्ये ड्रायव्हर आणि शेजारच्या सीटसाठी ही सूचना सक्तीची आहे. १ एप्रिल २०२५ पासून नव्या कारच्या मागच्या सीटलाही ती आली. म्हणजे पुढच्या काळात गावोगावच्या गॅरेजमध्ये बक्कलाच्या तक्रारी वाढणार हे नक्की. म्हणून तो बिघाड कसा शोधायचा ते जरा सविस्तर पाहू.

बक्कलाच्या आत एक छोटा खटका असतो. काही गाड्यांत साधा दाबाचा स्विच, काहींत लोहचुंबकावर चालणारा सेन्सर. पट्ट्याची लोखंडी पत्ती आत गेली की तो आपली स्थिती बदलतो. सीटखालून जाणारी वायर ही खबर गाडीच्या कॉम्प्युटरला देते. एवढंच. त्यामुळे बिघाडही तीन-चार जागीच असतो : बक्कलाच्या आत, सीटखालच्या कपलरमध्ये, वायरमध्ये, नाहीतर शेजारच्या सीटच्या गादीखाली वजन ओळखणारी जी चटई असते तिच्यात.

सुरुवात नेहमी फुकटच्या तपासणीनं करावी. गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद ठेवा, फक्त चावी फिरवा आणि लाल दिवा पाहत पट्टा लावा, काढा, पुन्हा लावा. दिवा प्रत्येक वेळी बदलतो का? कधी बदलतो, कधी नाही, असं असेल तर बक्कलात घाण किंवा आतला खटका झिजलेला. कधीच बदलत नसेल तर वायर किंवा सेन्सर.

शेजारची सीट रिकामी असताना पीं-पीं होत असेल तर आधी सीटवर काय ठेवलंय ते पाहा. बॅग, पाण्याचा कॅन, फवारणीच्या औषधाचा डबा, काहीही असलं तरी गाडीला माणूस बसल्यासारखं वाटतं. सामान मागे ठेवा, बिघाड आपोआप दुरुस्त.

नंतर मोबाईलचा टॉर्च लावून बक्कलाच्या फटीत बघा. आपल्याकडे तिथं काय काय सापडतं! लेकरांच्या बिस्किटाचा चुरा, एक रुपयाचं नाणं, कापसाची रुई, आणि खर्रा खाणाऱ्याची गाडी असेल तर सुपारीचा तुकडा हमखास. पत्ती पूर्ण खाली जात नाही, खट् आवाज अर्धवट येतो, म्हणून दिवा जात नाही. अशा वेळी सेन्सरचा दोष नसतोच. उलट सेन्सर खरं बोलत असतो, पट्टा खरंच पक्का लागलेला नसतो. टायरच्या दुकानातली हवा कमी दाबानं मारून किंवा व्हॅक्यूमनं ओढून कचरा काढावा. तेल, ग्रीस, डिझेल मात्र घालू नये. त्याला धूळ चिकटते आणि आठ दिवसांत चिखल होतो. सीट धुताना बक्कलात पाणी गेलं असेल तर उन्हात पूर्ण वाळू द्या.

साफ करूनही फरक नाही? मग पट्टा लावून बसा आणि सीट पुढे-मागे सरकवा. सीट सरकताना दिवा लुकलुकला तर दोष सीटखालच्या वायरमध्ये किंवा कपलरमध्ये आहे, बक्कल बदलायची गरज नाही. ही एक गोष्ट माहीत नसल्यानं अनेकांचे पैसे वाया जातात. खेड्यात आणखी एक कारण असतं, उंदीर. गोठ्याजवळ किंवा धान्याच्या खोलीशेजारी गाडी उभी राहत असेल तर सीटखाली वाकून वायर कुरतडली आहे का ते बघाच.

यापुढचं काम वायरिंगवाल्याचं. स्विचवाल्या बक्कलाचा कपलर काढून मल्टिमीटर लावला की पट्टा लावताना आणि काढताना वाचन बदललं पाहिजे. बदललं तर बक्कल चांगलं, दोष पुढे वायरमध्ये. नाही बदललं तर बक्कल गेलं. चुंबकाच्या सेन्सरवर साधं मीटर नीट सांगत नाही, तिथं स्कॅनर लावून कोड बघावा. आणि एक धोका पक्का ध्यानात ठेवायचा. सीटखाली पिवळ्या रंगाचं कपलर किंवा पिवळी वायर दिसली तर ती एअरबॅगची किंवा पट्टा आवळणाऱ्या स्फोटक यंत्रणेची असते. तिला मीटर लावायचं नाही, हात लावायचा नाही. बॅटरी काढून काही मिनिटं थांबल्याशिवाय कुशल मिस्त्रीसुद्धा तिथं काम करत नाही. बक्कल खोलून दुरुस्तही करायचं नसतं, पूर्ण बदलायचं. अपघातातून आलेल्या गाडीचं भंगारातलं बक्कल स्वस्त मिळतं म्हणून लावणं म्हणजे एकदा ताण बसलेला दोर पुन्हा विहिरीवर लावण्यासारखं.

सगळ्यात वाईट बिघाड मात्र न वाजणारा असतो. काही गाड्यांत वायर तुटली की सतत पीं-पीं होते. काहींत उलटं, वायर तुटली की गाडी समजते पट्टा लागलेलाच आहे. दिवा लागत नाही, आवाज होत नाही, मालक खूश. पण काही गाड्यांत एअरबॅग कधी आणि किती जोरानं उघडायची, पट्टा आवळायचा की नाही, हेही कॉम्प्युटर बक्कलाच्या खबरीवरून ठरवतो. वायर डायरेक्ट करून आवाज बंद करणारा मिस्त्री नकळत ही खबरही खोटी करून ठेवतो. म्हणून जुनी गाडी घेताना पट्टा न लावता चावी फिरवून बघा. दिवा लागलाच पाहिजे. नाही लागला तर आधीच्या मालकानं काहीतरी करून ठेवलंय.

आवाज बंद करायला नुसती लोखंडी पत्तीही मिळत होती. बक्कलात ती खुपसली की काम झालं. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांवर आदेश काढले आणि अशा १३,११८ जाहिराती काढायला लावल्या. तेरा हजार! एवढी मागणी होती म्हणूनच ना एवढ्या जाहिराती.

मागची सीट

मागच्या सीटचं तर विचारूच नका. गाडी नवी आली की पहिलं काम सीट कव्हर घालण्याचं. कव्हरवाला मागची बक्कलं कव्हराखाली दाबून टाकतो, बसायला टोचतात म्हणून. पाच वर्षांनी गाडी विकली जाते तेव्हा ती बक्कलं नवीच्या नवी निघतात. मागे बसतं कोण? घरातल्या बाया, म्हातारे आई-बाबा, लेकरं.

महाराष्ट्रानं याची किंमत पाहिली आहे. ३ जून २०१४ ला दिल्लीत सकाळी विमानतळाकडे निघालेले केंद्रीय ग्रामविकास मंत्री गोपीनाथ मुंडे मागच्या सीटवर होते. दुसऱ्या गाडीची धडक बसली आणि त्यांचा मृत्यू झाला. मंत्री होऊन त्यांना दहा दिवसही झाले नव्हते. मागचा पट्टा शोभेचा नसतो, ही गोष्ट तेव्हाच्या आरोग्यमंत्र्यांनी त्यानंतर जाहीरपणे सांगितली. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी कठड्याला धडकली. गाडी महागडी, सगळ्या सोयींची. पुढचे दोघे जखमी होऊन वाचले, मागचे दोघे गेले. मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. त्याच महिन्यात मागच्या सीटसाठी पीं-पीं सक्तीची करण्याचा मसुदा सरकारनं काढला.

त्याच वर्षी ११ डिसेंबरला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला आणि सेलू, वर्धा, आर्वी तालुक्यांतून गाड्या ताशी १२० च्या परवानगीनं धावू लागल्या. ताशी ६० ला विहीर ४५ फुटांची होती. वेग दुप्पट झाला की ती दुप्पट नाही, चौपट खोल होते. मागे पट्टा न लावलेला माणूस अशा वेगात स्वतः तर जातोच, पुढच्या सीटवरच्यालाही चिरडतो. पट्टा न लावल्यास एक हजार रुपये दंड आहे, पण तो पुढच्या सीटसाठीच असतो असं अजूनही अनेकांना वाटतं. तो मागच्यांनाही आहे.

बोहलिन यांनी १९८५ मध्ये नोकरीतून निवृत्ती घेतली. त्याच वर्षी जर्मनीच्या पेटंट कार्यालयानं १८८५ पासूनच्या शंभर वर्षांतली माणसाच्या सर्वात उपयोगाची आठ पेटंटं निवडली, त्यात त्यांच्या पट्ट्याचं पेटंट होतं. स्वीडनच्या इंजिनिअरिंग विज्ञान अकादमीनं १९९५ मध्ये सुवर्णपदक दिलं. या पट्ट्यानं जगभरात वाचलेल्या जिवांचा अंदाज व्हॉल्वो दहा लाखांच्या वर सांगते. खरा आकडा कोण मोजणार? वाचलेला माणूस घरी जाऊन जेवतो, त्याची बातमी होत नाही.

२००२ मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय संशोधक सन्मान दालनात त्यांचं नाव घ्यायचं ठरलं. ओहायो राज्यातल्या अॅक्रन शहरात २१ सप्टेंबरला समारंभ होता. त्याच दिवशी स्वीडनमध्ये बोहलिन यांचं निधन झालं. वय ८२ होतं. अमेरिकेच्या पेटंट कार्यालयात ३०,४३,६२५ क्रमांकाखाली त्यांचा कागद आजही आहे. त्यात सीटवर बसलेल्या एका माणसाचं साधं रेखाचित्र आहे, छातीवरून तिरपा पट्टा आणि बक्कल कमरेच्या बाजूला, खाली, हात सहज पोहोचेल तिथं.